मॅट अजून अंथरलेलीच

"मॅट उचलली का गं?"

फोन उचलला की बाबांचा पहिला प्रश्न हाच. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही, नातीची चौकशी तर नाहीच नाही. मी दोह्यात, अल नस्रमधल्या फ्लॅटच्या ओट्याशी कणीक मळत उभी, बाबा नाशिकला हॉलमधल्या खुर्चीत, आणि मधे एवढा समुद्र. त्यांना मात्र ती मॅट अगदी माझ्या पायाशी पडलेली दिसत असते.

"नाही बाबा, अजून नाही."

"हां. मग ठीक."

एवढं बोलून फोन आईकडे. आई म्हणते, "ऐकलंस ना? दिवसभर हेच. कालचं जेवण आठवत नाही, सख्ख्या भावाचं नाव आठवत नाही, पण ती मेली मॅट आठवते."

आठवणारच. मलाही आठवते.

क्रिकेटच्या पिचवर अंथरायची मॅट. हिरवी होती म्हणायची, पण मी पाहिली तेव्हा तिचा रंग उडून कसलासा करडा झाला होता. जाड काथ्याची, वळली की भल्यामोठ्या लोडासारखी दिसायची. मी लहान असताना आम्ही इथेच दोह्यात राहायचो, तेव्हा आठवडाभर ती आमच्या बाल्कनीत उभी असायची आणि तिला ओल्या गोणपाटाचा वास यायचा. आई नाक मुरडायची, पण वाळत घातलेले कपडे बाजूला सरकवून तिला जागा द्यायची. शुक्रवारी पहाटे कंपनीची बस खाली हॉर्न द्यायची आणि दोघंजण जिन्यावरून तिला खांद्यावर घेऊन उतरायचे. मागून मी, हातात दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा घेऊन. डब्यात खिळे. हाताच्या पंजाएवढे लांब, डोकं चपटं झालेले खिळे. चालताना खळखळ वाजायचे आणि खालच्या मजल्यावरची केरळी मावशी दार उघडून हसायची.

अल थुमामा तेव्हा नुसता माळ होता. आता तिथे व्हिला आहेत, शाळा आहेत, मोठं स्टेडियम आहे, गाडी लावायला जागा मिळत नाही. तेव्हा विमानतळाच्या कुंपणापासून पुढे सपाट, दगडगोट्यांची जमीन आणि मधोमध कुणीतरी ओतलेली सिमेंटची पट्टी. तेच ग्राउंड. त्या पट्टीवर मॅट अंथरायची, चार माणसांनी चार कोपरे ओढून धरायचे आणि कडेच्या जमिनीत खिळे ठोकायचे. ठक ठक ठक. विमान उतरत असलं की तो आवाज बुडून जायचा, विमान गेलं की पुन्हा वर यायचा. माझ्यासाठी शुक्रवार म्हणजे तो आवाज, गरम मॅटचा वास आणि थर्मासमधला दाट, दुधाळ करक चहा.

टीम कंपनीची. बाबा कंपनीत साइट इंजिनियर आणि टीमचे मॅनेजर. अर्धी टीम ऑफिसची, हौशी, पोट सुटलेली. उरलेली अर्धी कामगारांच्या कॅम्पात राहणारी, म्हणजे खरी टीम. ही पोरं कंपनीनं मुद्दाम क्रिकेटसाठी आणलेली. कागदावर कुणी फिटर, कुणी वेल्डर, पण भरतीच्या वेळी मुंबईच्या मैदानावर बॅट हातात देऊन बघितलेली. सगळ्या कंपन्या तसंच करायच्या. आठवडाभर साइटवर घाम गाळायचा आणि शुक्रवारी कंपनीचं नाव छातीवर लावून खेळायचं. बाबा हसत म्हणायचे, "व्हिसा पान्याचा, पण नोकरी बॅटची."

त्यातले सुभाषकाका म्हणजे आमच्या घरचेच. वेंगुर्ल्याचे. हुद्दा पाइप फिटरचा, काम ओपनिंग बॅट्समनचं. काळेसावळे, शिडशिडीत, आणि हसले की सगळा चेहरा दातांचा. त्यांचं मराठी मला निम्मं कळायचं, पण ऐकत राहावंसं वाटायचं.

"काय गो चेडवा, डबो आणलंस? एक जरी खिळो हरवलो तर मॅच गेली समज."

मग काय, बाईसाहेबांचा रुबाब! मी दिवसभर डब्यावर बसून राहायची. मॅच संपली की खिळे उपटून गोळा करायचं काम माझं, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

आई टीमसाठी पातेलंभर मसालेभात करून द्यायची. कधी स्वतः यायची, ताडपत्रीच्या सावलीत वाढायला बसायची. सुभाषकाका ताट घेऊन मुद्दाम तिच्यासमोर मांडी घालायचे. "वयनी, भात बरो झालो, पण नारळ खय गेलो?"

"नारळ वेंगुर्ल्याला गेला, तुमच्या बायकोकडे. तिला विचारा पत्रात."

अख्खी टीम खो खो हसायची. समोरच्या टीमचे लोक तेवढ्यात नमाज आटोपून यायचे, त्यांच्या पानांवरही भात पडायचा. मीठ लावलेल्या संत्र्यांच्या फोडी फिरायच्या. पांढऱ्या शर्टांवर घाम वाळून मिठाच्या रेघा उमटलेल्या असायच्या. अजूनही संत्रं सोललं की मला आधी तापलेल्या ताडपत्रीचा वास येतो, संत्र्याचा नंतर.

बाबांचा एक नियम होता. मॅटवर साहेब कोणी नाही. साइटवर सुभाषकाका त्यांना साहेब म्हणत, पण ग्राउंडवर पाय ठेवला की दादा. मॅटवर कुणी चुकून 'साहेब' म्हटलं तर त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. संध्याकाळी बसमध्ये चढताना पुन्हा साहेब. मला ह्याची फार गंमत वाटायची. मी सुभाषकाकांच्या तोंडाकडे टक लावून बघायची की नक्की कुठल्या पावलावर दादाचे साहेब होतात.

आणि दुसरा नियम सगळ्यांचाच होता. तो कुणी केला माहीत नाही, पण दोह्यातली प्रत्येक टीम तो पाळायची. मॅच संपली की मॅनेजरनं दोन्ही हात वर करून "खलास!" म्हणायचं, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या आणि मगच पहिला खिळा उपटायचा. आणि मॅच अर्धी राहिली, वादळ आलं, अंधार पडला, तर मॅट उचलायची नाही. कडेला दगड ठेवायचे आणि तशीच सोडून घरी जायचं. पुढच्या शुक्रवारी तिथूनच सुरू. जिवंत मॅचची मॅट उचलणं म्हणजे हरलो म्हणून सांगणं. आणि चोरीची भीती? छे! त्या माळावर कुणाची छाती नव्हती तिला हात लावायची.

त्या वर्षी आम्ही फायनलला पोचलो. सकाळी समोरच्यांनी भरपूर रन केले, दुपारी आमची बॅटिंग सुरू झाली. एका टोकानं विकेट पडत होत्या आणि दुसऱ्या टोकाला सुभाषकाका. मला क्रिकेट काय कळत होतं डोंबल! पण त्या दिवशी बॅटचा आवाज वेगळा होता एवढं कळत होतं. बाबा ताडपत्रीखाली बसेनात, उभे राहिले की हलेनात. मग वाऱ्याची दिशा फिरली, उत्तरेकडून पिवळट भिंत उठली आणि डोळ्यांत, कानांत, मसालेभातात वाळूच वाळू. अंपायरनं खेळ थांबवला. जिंकायला थोडेच रन हवे होते. सुभाषकाका नाबाद.

मी डबा घेऊन धावले तर त्यांनी मला उचललंच. "आज नाय गो. मॅच जिती आसा. फुडल्या शुक्रवारी." त्यांच्या शर्टाला घाम, वाळू आणि खोबरेल तेल असा वास येत होता. बाबांनी कडेला दगड ठेवले. बसमध्ये सगळे गात होते. माझा डबा रिकामा होता आणि मी तो तबल्यासारखा बडवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅम्पावर बस गेल्या आणि रिकाम्या परत आल्या.

कामबंद. का, कशासाठी, हे आमच्या घरात कधी मोठ्यानं बोललं गेलं नाही. बोललं जायचं ते दार लावून, कुजबुजत, आणि मी आले की आई विचारायची, "गृहपाठ झाला का?" एवढंच दिसायचं की बाबा उशिरा येतात, बुटांना कॅम्पाची धूळ असते आणि फोन वाजला की दचकतात. एका संध्याकाळी ते थेट स्वयंपाकघरात आले. कंपनीनं त्यांना कॅम्पावर समजूत घालायला पाठवलं होतं. मी ओट्याखाली भांड्यांशी खेळत होते.

"सुभाष पुढे उभा होता," बाबा म्हणाले. "सगळ्यांसमोर मला दादा म्हणाला."

आईच्या हातातलं लाटणं थांबलं. "मग तुम्ही काय म्हणालात?"

बाबांनी नळ सोडला आणि हात धूत राहिले. बराच वेळ धूत राहिले. त्या रात्री ते जेवले नाहीत.

शुक्रवार आला. आदल्या संध्याकाळी ऑफिसातून निरोप आला होता की कुणीही ग्राउंडकडे फिरकायचं नाही, मॅच रद्द. तरी पहाटे बाबांनी नीळ दिलेला पांढरा शर्ट घातला, पांढरी पॅंट घातली. बस येणार नव्हती. त्यांनी गाडीची किल्ली घेतली आणि मला म्हणाले, "चल. डबा घे." आईनं सवयीनं मसालेभाताचं पातेलं चढवलं होतं, त्याचा वास जिन्यात आमच्या मागे मागे आला.

माळाच्या आधी रस्त्याला एक वळण होतं. तिथे बाबांनी गाडी थांबवली. समोर मोकळं ग्राउंड, आणि मॅटवर सुभाषकाका. एकटेच. पांढऱ्या कपड्यांत, पॅड बांधलेले. कॅम्पातून कसे निसटले, किती चालत आले, देव जाणे. वाकून बॅटनं मॅटवरची वाळू लोटत होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आई अंगण झाडते तशी.

"बाबा, सुभाषकाका!"

"हो," बाबा म्हणाले.

गाडीचा इंडिकेटर चालू होता. टिक टिक टिक टिक. सुभाषकाकांनी मान वर केली. कपाळावर आडवा हात धरून आमच्याकडे बघितलं. आमची गाडी त्यांनी ओळखलीच असणार, कितीदा तिच्यातून आले होते. त्यांनी बॅट उंच केली. 'या' म्हणतात ना, तशी. मी दार उघडायला हात घातला.

बाबांनी गाडी फिरवली.

मागच्या काचेतून मी बघत राहिले. बॅट वरच होती, मग धूळ आडवी आली. मला बाबांचा इतका राग आला होता की रडूही येईना. घरी आईनं दार उघडून विचारलं, "काय झालं? इतक्यात?"

"कुणी आलंच नव्हतं," बाबा म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मीही काही बोलले नाही. तो पातेलंभर मसालेभात आम्ही तिघांनी खाल्ला, सकाळी, रात्री, दुसऱ्या दिवशी सकाळी. शेवटी आंबला.

नंतर कधीतरी कॅम्पातून बस निघाल्या, त्या साइटवर नाही, विमानतळावर गेल्या. आमच्या इमारतीवरून विमानं जायची आणि मी मान वर करून बघायची, पण विमानाच्या पोटात कोण आहे हे खालून कसं दिसणार? सुभाषकाकांचं पुढे काय झालं कळलं नाही. बाबा आणखी बरीच वर्षं दोह्यात राहिले, बढत्या घेतल्या, निवृत्त होऊन नाशिकला गेले. त्या रस्त्यानं मात्र कधी गेले नाहीत. विमानतळावर जायचं तरी लांबचा वळसा. मॅट आणायलाही गेले नाहीत. 'खलास' कुणी म्हटलंच नव्हतं.

पुढे माझं लग्न झालं, आणि नवऱ्याची नोकरी निघाली ती नेमकी दोह्यातच. नशीब म्हणतात ते हेच.

आता बाबांचं हे असं. दर शुक्रवारी पहाटे उठतात. दोह्याच्या सूक वाकिफ बाजारातून आणलेला एक गालिचा आहे हॉलमध्ये, त्याच्या कोपऱ्याशी उकिडवे बसतात आणि मुठीनं फरशीवर ठोकतात. ठक ठक ठक. आई म्हणते, "पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला गं." मग पांढरा शर्ट घालून बसची वाट बघत फाटकाशी उभे राहतात. एकदा आईचा डोळा लागला तर बाहेरच पडले. कॉलेज रोडवर सापडले, भर गर्दीत रस्त्याच्या मधोमध, गाड्या दोन्ही बाजूंनी हॉर्न देतायत आणि हे म्हणतायत, ग्राउंड कुठाय.

आई फोनवर रडली. माझी आई सहसा रडणारी नाही. "आता मला झेपत नाही. उद्या गाडीखाली आले तर? तू जा त्या माळावर. फोनवर दाखव त्यांना, तिथे काही उरलं नाही म्हणून. बघतील, खात्री पटेल, सुटतील बिचारे. कुणी आलंच नव्हतं त्या दिवशी, मग जीव कशात अडकलाय यांचा?"

आईला काय सांगणार? मी म्हटलं, "बघते."

शुक्रवारी सकाळी लेकीला घेऊन गेले. मुक्ता पंधरा वर्षांची, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. व्हिलांच्या मागे, बांधकामाच्या पत्र्यांच्या आड एक तुकडा अजून रिकामा होता. मी चालत चालत गेले आणि पायाला सिमेंट लागलं. पट्टी! निम्मी नव्या रस्त्याखाली गेलेली, निम्मी वाळूत बुडालेली. मॅट अर्थातच नव्हती.

"आई, देअर इज नथिंग हिअर," मुक्ता म्हणाली.

"फोन धर," मी म्हटलं.

नाशिकला बाबा पांढरा शर्ट घालून बसलेच होते. आईनं फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी पडद्यावर नाक टेकवल्यासारखं करून बघितलं. विमान गेलं एक, अगदी डोक्यावरून. ते ऐकून त्यांचा चेहरा उजळला. अरे देवा, कितीतरी दिवसांनी मी तो चेहरा पाहत होते.

"वाळू झाडली नाही कुणी," ते म्हणाले.

"बाबा, इथे आता काही नाही हो. मॅच संपली. तुम्ही खलास म्हणा, म्हणजे झालं." मी स्वतःच दोन्ही हात वर करून दाखवले. "म्हणा ना. खलास."

बाबांनी हात उचलले. छातीपर्यंत आले ते. मग पुन्हा मांडीवर ठेवले.

"असं कसं म्हणू? सुभाष नाबाद आहे."

आई फोनच्या मागून म्हणाली, "झालं. पुन्हा तेच."

मी खाली बसले आणि ओढणीनं पट्टी झाडायला लागले. वेड्यासारखी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मुक्तानं आधी इकडेतिकडे बघितलं, कुणी बघत नाही ना म्हणून, आणि मग एका हातात फोन धरून दुसऱ्या हातानं तीही वाळू लोटायला लागली. बाबा बघत होते. उठले नाहीत, फाटकाकडे गेले नाहीत, तिथेच बसून बघत राहिले. उन्हं वर आल्यावर म्हणाले, "आज एवढंच. दगड ठेव कडेला." मी ठेवले. मग ते आत जाऊन निवांत झोपले, असं आईनं नंतर सांगितलं.

तेव्हापासून हे चालू आहे. मी आईला म्हटलं, "त्यांचा शर्ट धुवून ठेवत जा, नीळ घालून. शुक्रवारी मी इथून फोन लावते, ते घरातच बसतील." नवरा म्हणतो, किती दिवस करणार? पत्रे सरकतायत, कधीतरी हाही तुकडा जाईल. जाईल तेव्हा जाईल. बाबा शुक्रवारी रस्त्यावर जात नाहीत, आईला झोप मिळते. मी गाडीत एक झाडू ठेवलाय. त्या पट्टीवर उकिडवी बसले की कधीकधी मागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं, खोबरेल तेलाचा वास येतो. मी वळून बघत नाही. खरं सांगते, हिंमत होत नाही.

गेल्या शुक्रवारी मुक्ता आली नव्हती, परीक्षा होती तिची. मी एका हातात फोन आणि एका हातात झाडू घेऊन उभी होते. हवेत धूळ होती, सूर्य नुसता पांढरा ठिपका. बाबांना झोप येत असावी असं मला वाटलं. तेवढ्यात पत्र्यांच्या फटीतून एक माणूस आत आला. कामगार असणार कुठल्यातरी साइटवरचा, जवळच्या वाटेनं निघालेला. धुळीत तोंड दिसत नव्हतं. हातात काहीतरी लांबट होतं, छत्री की पाइपाचा तुकडा, कोण जाणे. पट्टीच्या दिशेनं सरळ चालत येत होता.

मी फोन खाली घेणार होते. परक्या माणसाचं चित्रण बरं नव्हे. तोच त्याने मला पाहिलं, थांबला, आणि कपाळावर आडवा हात धरून बघायला लागला.

फोनमधून बाबांच्या खुर्चीचा आवाज आला. ते उठून उभे राहिले होते.

"आला," ते म्हणाले. "आला बघ तो." मग आवाज अगदी बारीक झाला, इतक्या वर्षांत मी त्यांचा तसा आवाज ऐकला नव्हता. "बाळा, या वेळी गाडी फिरवू नकोस."

माझी गाडी मागे रस्त्याच्या कडेला बंद उभी होती. तरीही मी झाडू खाली टाकला, पर्समधून किल्ली काढली, मुठीत घट्ट धरली आणि त्या माणसाला जवळ येऊ दिलं.